हमीनंतरची बॅटरी : विद्युत मोटारीच्या बॅटरी-बदलाचा खर्च आणि त्याचा भार

बीजसंज्ञा : विद्युत मोटार, लिथियम-आयन बॅटरी, हमी, जुन्या वाहनांचा बाजार, दुरुस्तीचा हक्क.

प्रस्तावना

आपल्याकडे विद्युत मोटारीच्या खर्चाची चर्चा बहुधा दोनच आकड्यांभोवती फिरते. एक, खरेदीची किंमत. दुसरा, दर किलोमीटरला येणारा विजेचा खर्च. पहिला आकडा पेट्रोलच्या मोटारीपेक्षा जास्त आणि दुसरा फारच कमी असल्यामुळे काही वर्षांत जादा किंमत भरून निघते, असा हिशेब मांडला जातो. हा हिशेब चुकीचा नाही. तो अपुरा आहे. विद्युत मोटारीतील सर्वांत महाग भाग म्हणजे तिची बॅटरी. उत्पादकाने दिलेली हमी, म्हणजेच व्यवहारात जिला वॉरंटी म्हटले जाते ती, संपल्यानंतर ही बॅटरी बदलावी लागली तर काय, हा प्रश्न या हिशेबात क्वचितच येतो.

हा प्रश्न आता पुस्तकी राहिलेला नाही. टाटा मोटर्सची नेक्सॉन ईव्ही जानेवारी २०२० मध्ये बाजारात आली. तिच्या बॅटरीवर ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तोपर्यंत हमी होती. याचा अर्थ असा की, २०२८ पासून या पहिल्या पिढीतील मोटारी क्रमाक्रमाने हमीबाहेर पडू लागतील. प्रस्तुत लेखात बॅटरी-बदलाचा खर्च किती आणि तो का येतो, यांबरोबरच तो नेमका कोणावर पडतो, याचा विचार केला आहे. विषयातील खरा पेच या तिसऱ्या प्रश्नात आहे.

बॅटरी बदलण्याचा खर्च भारतीय ग्राहकाला अगदीच अपरिचित आहे, असेही नाही. २००१ मध्ये बंगळूर येथे तयार झालेली 'रेवा' ही छोटी मोटार शिसे-आम्ल बॅटऱ्यांवर चालत असे आणि काही वर्षांनी त्या बदलणे हा तिच्या वापराचाच भाग होता. तालुक्याच्या गावी ई-रिक्षा चालवणारा माणूसही शिसे-आम्ल बॅटऱ्यांचा नवा संच कधी घ्यावा लागेल, याचा अंदाज बांधूनच भाडे ठरवतो. लिथियम-आयन बॅटरीने हा खर्च बराच लांबणीवर टाकला, आणि लांबणीवर पडलेला खर्च नजरेआड होणे स्वाभाविकच होते.

हमी कशाची आणि कुठपर्यंत

बॅटरीची हमी दुहेरी असते. बॅटरीत उत्पादनदोष आढळल्यास ती दुरुस्त करून वा बदलून देणे, ही पहिली बाजू होय. दुसरी बाजू धारणक्षमतेची. नव्या बॅटरीत जेवढी वीज मावते, तिच्या सुमारे ७० टक्क्यांपेक्षा कमी वीज हमीच्या काळात मावू लागली, तर उत्पादकाने उपाय करावा, असे बहुतेक करारांत असते. संयुक्त राष्ट्रसंघाच्या युरोपीय आर्थिक आयोगाच्या व्यासपीठावर मार्च २०२२ मध्ये मान्य झालेल्या जागतिक तांत्रिक नियम क्र. २२ ने हाच विचार आकड्यांत बांधला आहे : ५ वर्षे किंवा १ लाख किलोमीटरपर्यंत किमान ८० टक्के आणि ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरपर्यंत किमान ७० टक्के.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. हमीची शेवटची तारीख ही कराराने आखलेली रेषा आहे. बॅटरीच्या रसायनाला ती ठाऊक नसते. आठव्या वर्षाच्या शेवटच्या दिवशी ७१ टक्के क्षमता उरलेल्या मोटारीच्या मालकाला काहीही मिळत नाही, आणि त्याची मोटार दुसऱ्या दिवशीही कालच्याइतकीच चालते. पुराचे पाणी, अपघात, अनधिकृत दुरुस्ती यांमुळे झालेले नुकसान तर हमीच्या काळातही सामान्यतः बाहेरच ठेवलेले असते.

दोन मर्यादांपैकी आधी कोणती लागू होते, हेही मोटारीच्या वापरावर अवलंबून आहे. रोज ४० किलोमीटर ये-जा करणाऱ्या प्राध्यापकाची मोटार वर्षाकाठी ३०० दिवस चालली, तर तिचे १२,००० किलोमीटर होतात. आठ वर्षांत ती ९६,००० किलोमीटर चालेल. म्हणजे किलोमीटरची मर्यादा बरीच दूर असतानाच वर्षांची मर्यादा संपेल. उलट, रोज २०० किलोमीटर चालणारी भाड्याची मोटार तीन वर्षांच्या आतच १ लाख ६० हजारांचा टप्पा ओलांडते.

बॅटरी जीर्ण होते म्हणजे काय होते

मोटारीची बॅटरी ही एकच वस्तू नव्हे. शेकडो सेल जोडून मोड्यूल तयार होतात, आणि मोड्यूल, शीतकरणाच्या नळ्या, उच्च दाबाचे रिले, फ्यूज व या सर्वांवर देखरेख करणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा, म्हणजे बीएमएस, मिळून पूर्ण पॅक बनतो. सेलच्या ऋण अग्रावर पहिल्याच चार्जिंगच्या वेळी एक पातळ थर साचतो. तो सेलचे रक्षणही करतो आणि सावकाश वाढत राहून लिथियम अडकवूनही ठेवतो. अडकलेले लिथियम पुन्हा कामाला येत नाही. त्यामुळे क्षमता घटते. ही झीज वापराने होते आणि नुसत्या काळानेही होते. उष्णता ती वाढवते. बॅटरी पूर्ण भरून दिवसचे दिवस उन्हात उभी ठेवणे म्हणूनच अहिताचे असते. निकेल-मँगनीज-कोबाल्ट प्रकारच्या बॅटरीला तर विशेषच.

क्षमतेची ही संथ घट आणि बॅटरी अचानक नादुरुस्त होणे, या दोन वेगळ्या घटना आहेत. सामान्य चर्चेत त्यांची सरमिसळ होते, आणि खर्चाबद्दलची बरीचशी भीती या सरमिसळीतूनच जन्मते. वाहनांच्या वापराची माहिती गोळा करणाऱ्या जिओटॅब या कंपनीच्या २०२० मधील विश्लेषणात सरासरी वार्षिक घट २.३ टक्के, तर २०२४ मधील विश्लेषणात १.८ टक्के आढळली. जास्तीचा आकडा धरला तरी आठ वर्षांत सुमारे १८ टक्के क्षमता जाते आणि ८२ टक्के उरते. ही आकडेवारी प्रामुख्याने उत्तर अमेरिका व युरोपातील आहे. चंद्रपूर-नागपूरचा मे महिना तिच्यात नाही, ही मर्यादा मान्य करूनही असे म्हणता येते की, संथ झिजेमुळे नवव्या वर्षी बॅटरी टाकून द्यावी लागेल, असे सर्वसाधारण मोटारीच्या बाबतीत घडणार नाही.

अचानक होणारा बिघाड निराळा. सेल एकापाठोपाठ एक जोडलेले असल्याने एक सेल कमजोर झाला की सगळी माळ त्याच्या मापाने चालते. तो रिकामा झाला की बाकीच्यांत वीज असूनही बीएमएस पुरवठा तोडते. बाहेरून पाहणाऱ्याला 'बॅटरी गेली' एवढेच दिसते. प्रत्यक्षात बिघाड एखाद्या मोड्यूलचा, रिलेचा किंवा बीएमएसच्या एका पट्टिकेचा असू शकतो. लिथियम-आयर्न-फॉस्फेट प्रकारच्या बॅटरीत तर आणखी एक गंमत आहे. तिचा व्होल्टेज बराच काळ जवळजवळ स्थिर राहत असल्यामुळे किती वीज शिल्लक आहे, हे ओळखणे बीएमएसलाही कठीण जाते. अशा वेळी दर्शकावरचा आकडा एकदम कोसळतो आणि मालकाला बॅटरी संपली असे वाटते. उत्पादक या बॅटऱ्या अधूनमधून शंभर टक्के भरण्याचा सल्ला देतात, तो याच कारणाने.

निसान लीफचा अनुभव

हमीनंतरच्या खर्चाचा सर्वांत जुना आणि बोधप्रद दाखला निसान लीफचा आहे. ही मोटार डिसेंबर २०१० मध्ये जपान व अमेरिकेत आली. तिच्या २४ किलोवॉट-तासांच्या बॅटरीला, म्हणजे घरच्या वीजबिलाच्या भाषेत २४ युनिट मावणाऱ्या बॅटरीला, थंड ठेवण्यासाठी द्रवशीतकरण नव्हते. २०१२ मध्ये अमेरिकेतील ॲरिझोना या उष्ण राज्यातील मालकांच्या तक्रारी सुरू झाल्या. दोनच उन्हाळ्यांत क्षमता दर्शवणाऱ्या बारा पट्ट्यांपैकी काही नाहीशा झाल्या होत्या. त्या वेळच्या हमीत क्षमतेच्या घटीला स्थान नव्हते. प्रकरण न्यायालयात गेले, आणि डिसेंबर २०१२ मध्ये कंपनीने ५ वर्षे किंवा ६० हजार मैलांपर्यंत क्षमतेची हमी जाहीर केली. आज जी हमी सहज गृहीत धरली जाते, तिच्यामागे उन्हात होरपळलेल्या या मोटारींचा इतिहास आहे.

जून २०१४ मध्ये निसानने अमेरिकेत बदली बॅटरीची किंमत प्रथमच जाहीर केली : जुनी बॅटरी परत दिल्यास ५,४९९ डॉलर, बसवण्याची मजुरी वेगळी. ही किंमत नफा न घेता ठेवल्याचे कंपनीचे म्हणणे होते. नवी बॅटरी उष्णता अधिक सोसणाऱ्या रसायनाची होती. पुढे मार्च २०१८ मध्ये निसान व सुमितोमो यांच्या फोर-आर एनर्जी या कंपनीने फुकुशिमा प्रांतातील नामिए येथे जुन्या बॅटऱ्यांचा कारखाना सुरू केला. लीफच्या पॅकमधील ४८ मोड्यूल एकेक करून तपासायची, चांगली निवडायची आणि त्यांतून पॅक पुन्हा बांधायचा, अशी ही रीत. या पॅकची जपानमधील किंमत ३ लाख येन होती, तर नव्याची ६ लाख ५० हजार येन. म्हणजे निम्म्याहून कमी. बॅटरी स्वस्त होण्याची वाट न पाहता ती उघडून तपासण्याची सोय केली, एवढ्यानेच हा फरक पडला.

भारतीय हिशेब

ब्लूमबर्ग एनईएफ या संस्थेच्या पाहणीनुसार लिथियम-आयन पॅकची जागतिक सरासरी किंमत २०१० मध्ये दर किलोवॉट-तासाला एक हजार डॉलरहून अधिक होती. २०२४ मध्ये ती ११५ डॉलरवर आली. ही घसरण सलग झालेली नाही. २०२२ मध्ये कच्च्या मालाच्या महागाईने किंमत वाढलीही होती. २०२४ चा दर व डॉलरला ८४ रुपये धरल्यास ३०.२ किलोवॉट-तासांच्या पॅकची किंमत सुमारे २ लाख ९२ हजार रुपये होते. मात्र हा घाऊक दर आहे. वाहतूक, साठवण, विक्रेत्याचा नफा आणि मजुरी त्यात नाही.

कर तर वेगळाच आहे. १ ऑगस्ट २०१९ पासून विद्युत वाहनांवरील वस्तू व सेवा कर ५ टक्के करण्यात आला. सुट्या लिथियम-आयन बॅटरीवर मात्र जुलै २०१८ पासून तो १८ टक्के आहे. तीच बॅटरी मोटारीत बसून आली तर ५ टक्के आणि नंतर खोक्यातून आली तर १८ टक्के! उपरोक्त पॅकवर १८ टक्के कर मिळवल्यास आकडा ३ लाख ४४ हजारांवर जातो. हा खर्चाचा तळ समजावा. प्रत्यक्ष देयक याहून वरच राहील.

बाजारातूनच मिळणारा एक आकडा हा अंदाज पडताळण्यास उपयोगी पडतो. एमजी विंडसर ही ३८ किलोवॉट-तासांची मोटार सप्टेंबर २०२४ मध्ये दोन प्रकारे विक्रीस आली : बॅटरीसह १३.५० लाख रुपयांपासून, आणि बॅटरी भाड्याने घेतल्यास ९.९९ लाख रुपये अधिक दर किलोमीटरला ३ रुपये ५० पैसे. दोन किमतींतील ३ लाख ५१ हजारांच्या फरकाला भाड्याने भागले, तर जवळजवळ बरोबर एक लाख किलोमीटर येतात. कंपनीने या मोटारीत बॅटरीचे मोल किती धरले, ते या वजाबाकीत उघड दिसते.

किंमत घसरत असल्याने २०२८ मध्ये हा प्रश्न आपोआप सौम्य होईल, असा एक युक्तिवाद आहे. तो अर्धाच खरा आहे. स्वस्त होतात ते नवे सेल. जुन्या मोटारीच्या तळाशी बसणारा, त्याच आकाराचा, त्याच जोडण्यांचा आणि त्याच संगणकप्रणालीला ओळखणारा पॅक हा सुटा भाग आहे. उत्पादन बंद झालेल्या प्रतिमानाच्या सुट्या भागाची किंमत कशी वागते, हे कोणत्याही जुन्या मोटारीचा मालक सांगू शकेल.

विम्याचाही येथे ओझरता उल्लेख केला पाहिजे. २००२ च्या भारतीय मोटार विमा दरपत्रकाने रबर, नायलॉन, प्लॅस्टिक, टायर यांच्या रांगेत 'बॅटरी' हा शब्द बसवून तिच्यावर ५० टक्के घसारा ठरवला. तो शब्द लिहिला गेला तेव्हा डोळ्यांसमोर होती ती बॉनेटखालची बारा व्होल्टची बॅटरी. त्याच शब्दाच्या छायेत आज लाखो रुपयांचा पॅक येतो, आणि म्हणून विमा कंपन्या त्यासाठी वेगळे पूरक संरक्षण विकतात. झिजेचा खर्च त्यातही मिळत नाही.

दुरुस्ती की बदल

येथपर्यंतचा हिशेब पूर्ण पॅक बदलण्याचा आहे. एका मोड्यूलच्या दोषासाठी पूर्ण पॅक बदलावा लागतो का, हा खर्चाचा सर्वांत निर्णायक प्रश्न होय. तांत्रिकदृष्ट्या अनेक पॅकमध्ये एकच मोड्यूल बदलता येते. मात्र नव्या मोड्यूलची क्षमता जुन्यांशी जुळवून घ्यावी लागते, अन्यथा समतोल पुन्हा बिघडतो. याउलट, सेल थेट पॅकमध्ये बसवून मोड्यूल वगळण्याकडे नव्या रचनेचा कल आहे. बीवायडीची २०२० मधील ब्लेड बॅटरी हे त्याचे ठळक उदाहरण. या रचनेने वजन व किंमत कमी होते, आणि त्याच रचनेने एखादा भाग काढून दुरुस्त करणे अवघड होते. ग्राहकाला खरेदीच्या दिवशी झालेला फायदा नवव्या वर्षी परत करावा लागू शकतो.

दुसरा अडथळा तांत्रिक नाही. बीएमएसमधील नोंदी वाचण्याची साधने आणि सुटे मोड्यूल अधिकृत सेवा केंद्राबाहेर सहसा मिळत नाहीत. पॅकचा दाब तीनशे व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून अधिक असतो, त्यामुळे सुरक्षिततेचे कारण खरे आहे. पण ते पुरे नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार कंपन्यांना एकूण २,५४४.६५ कोटी रुपयांचा दंड केला. स्वतंत्र कारागिरांना सुटे भाग व निदानसाधने न देणे, हाच त्या कंपन्यांवरील मुख्य ठपका होता. दंडाचा वाद पुढे अपिलात गेला. तेव्हा विषय पेट्रोल-डिझेल मोटारींचा होता, तरी युक्तिवाद जसाच्या तसा बॅटरीला लागू पडतो. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमून संकेतस्थळ सुरू केले. त्यात मोटारवाहन क्षेत्राचा समावेश आहे, पण निदानसाधने खुली करण्याचे बंधन त्यातून आलेले नाही.

जुन्या पॅकचे काय, हेही ओघाने येते. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ अन्वये जुनी बॅटरी गोळा करून पुनर्चक्रित करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. मालकाला तिचे किती पैसे मिळावेत, हे मात्र नियमांनी ठरवलेले नाही. फॉस्फेट प्रकारात कोबाल्ट व निकेल नसल्याने भंगार म्हणून तिचे मोल कमीच राहते.

खर्च कोणाचा, लाभ कोणाचा

आता मूळ पेचाकडे वळता येईल. वर्षाला १२,००० किलोमीटर, पेट्रोल लिटरला १०५ रुपये, लिटरमागे १५ किलोमीटर, वीज युनिटला १० रुपये आणि युनिटमागे साडेसहा किलोमीटर असे धरले, तर विद्युत मोटार दर किलोमीटरला सुमारे साडेपाच रुपये वाचवते. आठ वर्षांत ही बचत ५ लाख २८ हजार रुपये होते. तीतून ३ लाख ४४ हजारांची बॅटरी आली तरी पहिला मालक नुकसानीत जात नाही. त्याने हमीच्या १ लाख ६० हजार किलोमीटरवर हा खर्च पसरून बाजूला ठेवायचा म्हटले, तर किलोमीटरला २ रुपये १५ पैसे पुरतात.

परंतु पहिला मालक आठ वर्षांनी बहुधा मालक राहिलेलाच नसतो. बचत त्याच्या खिशात गेलेली असते आणि बॅटरी दुसऱ्याच्या दारात उभी असते. या दुसऱ्या मालकाला नोंदणीच्या १५ वर्षांपैकी ७ वर्षे, म्हणजे ८४,००० किलोमीटर मिळतात. त्याला बॅटरी बदलावी लागली तर तिचा भार किलोमीटरला ४ रुपये १० पैसे पडतो. साडेपाच रुपयांच्या बचतीतून हातात १ रुपया ४० पैसे उरतात. शिवाय तो बहुधा कमी उत्पन्नाचा असतो, म्हणूनच तर तो जुनी मोटार घेतो. एकाच वस्तूचा लाभ आधी येतो आणि धोका नंतर, आणि दोन्ही एकाच माणसाच्या वाट्याला येत नाहीत.

प्रत्येक मोटारीची बॅटरी जाणार नाही हे खरे. पण कोणाची जाणार, हे खरेदीदाराला बाहेरून कळत नाही. जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्याच उदाहरणाने दाखवून दिले की, विक्रेत्याला ठाऊक असलेला दोष खरेदीदाराला दिसत नसेल, तर खरेदीदार चांगल्या मोटारीलाही वाईट मोटारीचा भाव देतो. पेट्रोल मोटारीचे इंजिन निदान ऐकून, धूर पाहून जोखता येते. बॅटरी बोलत नाही.

उत्पादकांनी अलीकडे दिलेल्या 'आजीवन' हमीकडे या दृष्टीने पाहिले पाहिजे. महिंद्रच्या बीई ६ व एक्सईव्ही ९ई या नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या मोटारींवर आणि टाटांच्या जून २०२५ मधील हॅरिअर ईव्हीवर अशी हमी आहे, विंडसरवरही आहे. टाटांच्या बाबतीत आजीवन म्हणजे १५ वर्षे. तथापि या सर्व हमी पहिल्या खाजगी मालकापुरत्या आहेत. महिंद्रच्या हमीत मालकी बदलताच मुदत १० वर्षे किंवा २ लाख किलोमीटरवर येते. म्हणजे ज्याला भीती कमी आहे त्याला संरक्षण जास्त, आणि ज्याला खरी गरज आहे त्याला कमी. त्यातच जानेवारी २०२५ पासून जुन्या विद्युत मोटारींच्या व्यापाऱ्याला खरेदी-विक्रीतील नफ्यावर १८ टक्के कर द्यावा लागतो; पूर्वी तो १२ टक्के होता.

युरोपीय संघाने यावर माहितीचा मार्ग निवडला आहे. २०२३ च्या बॅटरी नियमनानुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून बाजारात येणाऱ्या प्रत्येक विद्युत वाहनाच्या बॅटरीला डिजिटल पारपत्र असावे लागेल, आणि बॅटरीच्या आरोग्याच्या नोंदी वाचण्याचा हक्क मालकाला व त्याच्या वतीने इतरांनाही राहील. भारतातील नोंदणी प्रमाणपत्रावर इंजिन वा मोटरचा क्रमांक असतो, रंग असतो, आसनांची संख्याही असते. बॅटरीत किती क्षमता उरली आहे, याचा रकाना त्यावर नाही. तो येईपर्यंत जुन्या मोटारीच्या व्यवहारात अधिकृत सेवा केंद्राकडून घेतलेला बॅटरी-आरोग्याचा लेखी अहवाल हाच एकमेव पुरावा ठरतो, आणि तो हमी संपण्याच्या काही महिने आधी काढलेला असेल तर दुहेरी उपयोगाचा : क्षमता मर्यादेखाली गेलेली आढळल्यास मुदतीच्या आत तक्रार नोंदवता येते, आणि तसे नसल्यास पुढच्या खरेदीदारापुढे ठेवायला कागद राहतो.